अकरा दिवसांची हजेरी

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५
सकाळचे १० वाजून २० मिनिटे, हडपसर

आक्का,

धुतलेले कपडे दोरीवर टाकले, हात कोरडे केले आणि लिहायला बसलो. आज कंपनीची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. खोलीतले बाकीचे तिघे बाजारात गेले आहेत, त्यामुळे शांत आहे.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "फोनवर नको. फोनवर माणूस कायबी बोलतं. तुझ्या अक्षरात लिहून पाठव, कुठल्या दिवशी ते हजर होते आणि कुठल्या दिवशी नव्हते. तू लिहिण्यात चुकत नाहीस." म्हणून हे पत्र. तुझ्या लग्नाच्या याद्याही मीच लिहिल्या होत्या. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. खाली सही करताना दाजी म्हणाले होते, "पोरगी नंतर बघितली, आधी अक्षर पसंत केलं." सगळा मांडव हसला होता.

तुझे सासरे हे वाचतील असे तू म्हणालीस, तेव्हा त्यांना कळावे म्हणून सुरुवातीपासून लिहितो. ही कंपनी पुठ्ठ्याची खोकी करते. लोक घरबसल्या मोबाइलवरून जो माल मागवतात तो या खोक्यांतून जातो. मी कंपनीचा माणूस नाही. सर्जेराव शेठ म्हणून ठेकेदार आहेत. ते कंपनीला माणसे पुरवतात आणि मी त्या माणसांचे मस्टर भरतो, म्हणजे रोज कोण आले, कोण नाही, त्याची नोंद ठेवतो. मागे कंपनीचे एक साहेब मस्टर चाळताना मला म्हणाले, "आपण अकरावीतून शाळा सोडलीत. अक्षर मात्र पुढे शिकलेलं दिसतंय." ते पुण्यातलेच आहेत. कौतुक होते की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता तू विचारलेले.

श्री. रामदास गटकळ, म्हणजे दाजी, यांचे नाव सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोज हजर आहे व त्याचा पगार त्यांना मिळाला आहे. १६, १७ आणि १८ सप्टेंबर हे तीन दिवस, १८ ची गुरुवारची सुट्टी धरून, ते आणि आपल्या दोन्ही वाड्यांची चौदा माणसे फाटकाबाहेर उभी होती. दिवसाला पाचशे वीस मिळत होते, त्यांना सहाशे हवे होते. १९ तारखेला आपल्याकडून नवीन बावीस माणसे आली. तो दिवस तुला ठाऊक आहे, टेम्पो तुझ्या दारावरूनच निघाला, त्यात तुझा दीर केदारही होता. त्या दिवसापासून ३० तारखेपर्यंत कामाचे अकरा दिवस होतात. मधला एक गुरुवार मी वगळला आहे. या अकरा दिवसांत मस्टरमध्ये दाजींच्या नावापुढे हजेरीची खूण नाही.

मस्टरमध्ये आहे ते मी लिहिले. ते दिवस ते कुठे होते, हे मस्टर सांगत नाही.

तू म्हणालीस की तुझी सासू त्यांना विचारते, अकरा दिवस कुठं होतास, कुणाकडं होतास, आणि ते एवढेच म्हणतात, "कामावर होतो." तू केदारला विचारलेस. तो म्हणाला, पहिल्या दिवशी आत आला होता, पुढं दिसला नाही. केदार खोटे बोललेला नाही. शेड फार मोठी आहे.

त्यांना फार टोचून बोलू नकोस. दसऱ्याला माणूस रिकाम्या हाताने घरी आला की त्याचे त्यालाच पुष्कळ लागलेले असते. आणि शक्य असेल तर हे पत्र चारचौघांत वाचू नका. तुझ्यापुरते ठेव.

आईच्या चष्म्याचे काम झाले का? नंबर बदलला असेल तर काच बदलून घ्यायला सांग, पैसे मी पाठवले आहेत.

तुझा भाऊ,
श्रीधर


गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज
दुपारचे १२ वाजून ४० मिनिटे, हडपसर

आक्का,

आईचा फोन आला होता. तुझ्या सासऱ्यांनी माझे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले, शेजारचे दोघे ऐकत होते, दाजी खांबाला टेकून बसले होते, आणि "खूण नाही" हे शब्द आले तेव्हा ते उठले, चपला घातल्या आणि गेले. त्याला आज सहा दिवस झाले. तू लहानीला घेऊन आईकडे आली आहेस आणि परत जायचे नाही म्हणतेस.

मी आज यायला हवे होते. खालच्या सरुबाई, ज्यांच्या खोलीत मी राहतो, त्या सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "भन हाय न्हवं तुला? मग हितं का बसलाईस?"

मी म्हणालो, "एकच दिवस सुट्टी आहे, मावशी."

"एक दिवस पुरतो की. का तोंड न्हाई दाखवायला?"

त्या सहज बोलल्या. त्यांनी ताटलीत दोन करंज्या ठेवल्या आणि गेल्या.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट अशी लिहिली की जणू ती आपोआप झाली. "१९ तारखेला आपल्याकडून नवीन बावीस माणसे आली." ती आली नाहीत, आक्का. मी आणली. हे तुला माहीत आहे. पण मी ती कशी आणली, हे तुला माहीत नाही. वाडीत सगळे समजतात की नवीन शेड सुरू झाली, माणसे कमी पडली, म्हणून श्रीधरने आपल्या लोकांना बोलावले. आईला येता-जाता लोक सांगतात, तुझ्या पोराने बावीस घरांत चूल पेटवली. नवीन शेड वगैरे काही नाही. माणसे कमी पडली होती, कारण पंधरा जण फाटकाबाहेर उभे होते.

१७ तारखेला संध्याकाळी सर्जेराव शेठने मला बोलावले. त्यांची बसायची जागा म्हणजे फाटकाला लागून पत्र्याची एक केबिन. दिवाळीच्या खोक्यांची मोठी मागणी होती आणि कंपनीने त्यांना सांगितले होते की शुक्रवारपर्यंत माणसे उभी करा, नाहीतर दुसरा ठेकेदार बघतो. शेठ ओरडत नाहीत. त्यांनी मला चहा सांगितला आणि विचारले, "तुझ्या दाजीचं म्हणणं काय हाय?"

"सहाशे म्हणतायत."

"मग कंपनी मला किती देती ते तुला ठावं हाय. सहाशे दिलं तर मी काय खाऊ? बरं, त्या पंधराजणांच्या मागं तुमच्याकडं किती बसून हायेत?"

मी म्हणालो, "पुष्कळ आहेत."

"मग? रस्ता हाय, टेम्पो हाय, तिकडं माणूस रिकामा हाय. दर कशानं वाढंल?"

मी गप्प बसायला हवे होते. मी म्हणालो, "शेठ, आता येणारे पण दर विचारूनच येतील. दाजींनी फोन करून सगळ्यांना सांगितलंय, सहाशेच्या खाली टेम्पोत पाय ठेवू नका." आणि नंतर, कुणी विचारले नसताना, मी पुढचे वाक्य बोललो. "इर्जिक म्हणून बोलावलं तर नाही विचारणार."

हे मी सुचवले. शेठने नाही. हे तुला कळावे म्हणून वेगळ्या ओळीत लिहीत आहे.

शेठ मांडीवर थाप मारून हसले. "आरं लेका! आमच्याबी लहानपणी व्हायची की इर्जिक. आमच्या बापाची पंधरा-पंधरा नांगर लागायची. ही शेड हाय ना, हिच्या खालीच." मग म्हणाले, "कर फोन. जेवण माझ्याकडं."

तुला आठवते, आपले अण्णा कुणाच्याही इर्जिकीला नाही म्हणत नसत. ज्याचे शेत मागे राहिले त्याने हाक मारायची, बाकीच्यांनी आपापले बैल-नांगर घेऊन एका दिवसात त्याचे काम उरकून द्यायचे. मजुरी विचारायची नाही, ज्याचे काम त्याने जेवू घालायचे, आणि पुढे त्याला हाक आली की त्यानेही जायचे. अण्णा ताप अंगावर काढून गेले आहेत. त्यांनी ज्यांची शेते नांगरली त्यांची पोरे आता पारावरच्या दुकानात बसतात. मी तिथेच फोन लावला आणि दुकानदाराला आवाज मोठा करायला सांगितले. मी म्हणालो, "माझी इर्जिक आहे. माझ्यावर वेळ आलीय. अण्णा असते तर त्यांनी बोलावलं असतं."

मग केदारचा आवाज आला, "जेवायला काय?"

"बोकड," मी म्हणालो.

सगळे हसले, आणि बावीस नावे मी तिथेच उतरवून घेतली. एकानेही दर विचारला नाही.

मी अण्णांची पत खर्च केली. ती माझी नव्हती.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला टेम्पो फाटकाशी आला. दाजी आणि चौदा जण तिथेच उभे होते. केदार पहिला उतरला. दाजींना बघून तो खूश झाला आणि म्हणाला, "दादा, तू भाईर का उभा? चल की आत. आज श्रीधरची इर्जिक हाय."

मी मस्टर घेऊन फाटकाच्या आतल्या बाजूला होतो. दाजींनी माझ्याकडे बघितले. मला वाटले आता ते शिवी देतील. त्यांनी टेम्पोतून उतरणारी माणसे एकेक करून बघितली, सगळी ओळखीची, आणि मग चौदा जणांकडे वळून म्हणाले, "चला रं. बायकोच्या भावाची इर्जिक हाय, बाहेर उभं राहून शोभत न्हाई." आणि ते आत आले. त्यांच्यामागे चौदाही आले. मागणी तिथेच संपली. एक शब्दही वाढला नाही.

दुपारी शेठने खरोखर बोकड कापला. मीही जेवलो.

आठव्या दिवशी केदारने मला विचारले, "श्रीधर, इर्जिक किती दिवसांची असती रं? आपल्याकडं तर दिवस मावळला की संपती." तेव्हा त्या बावीस जणांना दर कळला. चारशे तीस. जुन्यांना मिळत होता त्यापेक्षाही नव्वद कमी. परत जायला भाडे नव्हते आणि जाऊन करायला काम नव्हते, म्हणून कुणी गेले नाही.

मी हे का केले याचा विचार करतो. मी सतराव्या वर्षी पुण्याला आलो त्या साली अण्णा, आई आणि आपल्या थोरल्या दादाने मिळून आपली दोन एकर केली. ज्वारी नऊ पोती झाली. आदल्या साली मी राबत होतो तेव्हाही नऊच झाली होती. अण्णांनी ते आनंदाने फोनवर सांगितले, की काळजी करू नकोस, तुझ्यावाचून काही अडले नाही. मला मात्र तेव्हा कळले की मी जास्तीचा होतो. इथे शेठने मला पेन दिले तेव्हा पहिल्यांदा वाटले की इथे मी जास्तीचा नाही. ते जाऊ नये म्हणून मी काहीही केले असते, आणि केलेही. हे कारण आहे. याने काही भरून निघत नाही हे मला कळते.

मला त्या कामाबद्दल माणशी काय मिळाले, ते आज लिहवत नाही.

दाजींचा शोध मी घेत आहे. तू आईकडेच थांब, पण त्यांच्याबद्दल काही ठरवू नकोस. मागच्या पत्रावर तर अजिबात ठरवू नकोस. का, ते पुढे लिहीन. आज हात चालत नाही.

श्रीधर


गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५
दुपारचे ४ वाजून ५ मिनिटे, हडपसर

आक्का,

आत्ताच मार्केट यार्डातून आलो, पाय धुतले आणि लिहायला बसलो. दाजी सापडले. तब्येतीने बरे आहेत. दाढी वाढली आहे.

केदारला एका टेम्पोवाल्याने सांगितले होते की त्याच्यासारखा दिसणारा एकजण कांद्याच्या गाळ्यांकडे गोण्या उतरवतो. हमालाचा बिल्ला नाही, नोंद नाही, गाडी आली की मिळेल ते. मी सकाळी आठला पोहोचलो. नऊच्या सुमारास ते दिसले, पाठीवर गोणी, डोक्याला फडके. मला बघून थांबले नाहीत. गोणी टाकून परत येताना म्हणाले, "पाव्हणं, आज सुट्टी वाटतं."

"हो."

"मग गोणी धर की एक. का नुसतं मोजायला आलाईस?"

मी धरली. चार आणल्या, पाचवीला पाय लटपटले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला पेनच बरं." मग आम्ही एका बाजूला चहा घेतला.

तिथे काय बोलणे झाले ते सांगण्याआधी मला ते लिहायला हवे, जे दोन पत्रांत लिहिले नाही.

ते अकरा दिवस दाजी कामावर होते. रोज. एक दिवस चुकवला नाही, एक दिवस उशीर केला नाही. १९ तारखेला सकाळीच, सगळे आत गेल्यावर, शेठ मला म्हणाले, "तुझा दाजी आत आला तो इर्जिकीला ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग त्याचं मस्टर कशाला भरतोस? इर्जिकीला मजुरी नसती. तूच सांगितलंस." मला वाटले चेष्टा करतात. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "पुढारी झाला की काय होतं ते बाकीच्यांना दिसाय पायजे. त्याला फुरसुंगीच्या गोडाऊनला टाक, हितं कुणाच्या डोळ्यापुढं नको. आणि रकाना कोरा ठेव."

फुरसुंगीला कागदाची मोठी रिळे उतरवतात. तिथे आपल्याकडचे कुणी नाही. म्हणून केदारला ते दिसले नाहीत. मी रोज संध्याकाळी मस्टर भरायचो आणि त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवायचो. मी तो चुकून कोरा ठेवला नाही. पट्टी लावून, खालच्या नावाची खूण वर सरकणार नाही एवढी काळजी घेऊन ठेवला. फुरसुंगीहून परतताना दाजी केबिनपाशी थांबून विचारायचे, "लागली ना हजेरी?" आणि मी म्हणायचो, "लागली." अकरा वेळा म्हणालो.

३० तारखेला पगार वाटला तेव्हा मी एकेक नाव पुकारत होतो. त्यांचे नाव आले नाही. सगळे गेल्यावर ते टेबलापाशी आले. मला म्हणाले, "पाव्हणं, शाई संपली का?" मी खाली बघत होतो. ते गेले. दोन दिवसांनी दसरा होता.

मग तू फोन केलास आणि लेखी मागितलेस. मी तुला खोटे लिहिले नाही. मस्टरमध्ये खूण नाही, हे खरेच होते. खूण न करणारा हात माझा होता, एवढेच लिहायचे राहिले. पहिले पत्र लिहिताना मी तीन कच्चे कागद फाडले. एकही शब्द खोटा पडू नये असे ते मला हवे होते. असे पत्र लिहायला खोटे बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

फुरसुंगीच्या फाटकावर रखवालदाराची वही असते. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येकजण तिच्यात सही करतो. मी गेल्या आठवड्यात तिथे गेलो आणि त्या पानांचे फोटो काढले. छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. १९ सप्टेंबर, आत सकाळी ९ वाजून १५ मिनिटे, कारण त्या दिवशी त्यांना इथून तिकडे पाठवले. २० सप्टेंबर, आत सकाळी ६ वाजून ५० मिनिटे, बाहेर संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटे. पुढचेही तसेच, कुठे दहा मिनिटे इकडेतिकडे. सही दाजींचीच आहे, याद्यांवरच्या सहीशी ताडून बघ. तुझ्या सासूबाईंना हे दाखव. सासऱ्यांना सांग की पहिले पत्र जिथे वाचले तिथेच आणि तेवढ्याच मोठ्याने हेही वाचा.

आता चहाचे. मी दाजींना विचारले, "तुम्ही घरी सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "सांगितलं की. कामावर होतो म्हणलं. तिनं तुझ्याकडनं कागद मागवला. कागद आला. आता कागदापुढं माझं तोंड किती चालणार?"

"माझं नाव घ्यायचं."

"कसं घेऊ? उद्या माझं-तिचं वाजलं तर तिला जायला एक माहेर हाय. तेबी तोडून टाकू?"

मला रडू आले. ते दुसरीकडे बघत होते. मग म्हणाले, "आता ते फडकं घे आन् तोंड पूस. लोकांना वाटंल मी तुला मारलं."

मी पैसे काढले. मला वाटत होते ते घेणार नाहीत आणि मला आग्रह करावा लागेल. ते म्हणाले, "पैसं नको म्हणणारा मी न्हाई. घामाचं हायेत, दे. पण आधी तिला लिही. आजच लिही. तू उद्यावर टाकलंस की ते परत नीटनेटकं होतं." म्हणून आज लिहीत आहे. खाडाखोड आहे, ती तशीच राहू देत.

घरी कधी येणार असे विचारले, तर म्हणाले, "तिला वाचू दे. मग तिनं बोलवलं तर येतो." मोबाइल चार्ज करून ठेवायला मी सांगितले आहे. तू फोन कर. त्यांनी स्वतःहून केला पाहिजे असे म्हणत बसू नकोस. चूक त्यांची नाही.

आणखी एक. डिसेंबरच्या कामासाठी शेठने मला आणखी पंधरा माणसे मागितली. मी सोमवारी पारावरच्या दुकानात फोन लावला, पुन्हा आवाज मोठा करायला सांगितले आणि सगळे सांगितले. मागच्या वेळी काय झाले ते, दर किती आहे ते, दाजींचे काय केले ते. म्हणालो, यायचे असेल तर या, पण दर ठरवून या, आणि माझ्या नावावर येऊ नका. कुणीतरी म्हणाले, "आण्णाचं नाव घालवलंस रं." कुणाचा आवाज होता ते ओळखले, पण लिहीत नाही. ते बरोबर बोलले.

शेठला मी तसेच सांगितले. मला वाटले आता काढतील. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "बरं. तुझी वाडी नको तर दुसरी वाडी हाय. वाड्यांना काय तोटा?" दुसऱ्या दिवशी जालन्याकडची सतरा माणसे आली. त्यांनीही दर विचारला नव्हता. दारात जाऊन मी त्यांना हळूच सांगितला. त्यांतला एकजण म्हणाला, "माहीत आहे हो. पण घरी बसून काय करायचं?"

आणि शेठ मला म्हणाले, "तुला काढत न्हाई. अक्षर चांगलं हाय तुझं."

इथे मी लिहिणार होतो की मी नोकरी सोडली. तसे लिहिले असते तर पत्र चांगले झाले असते. पण सोडलेली नाही. खोलीभाडे आहे, आईला पाठवायचे आहेत, आणि खाली लिहिलेले फेडायचे आहेत. रकाने आता कोरे ठेवत नाही, एवढेच सांगता येते. परवा शेठने एकाचा ठेवायला सांगितला, मी ठेवला नाही. त्यांना अजून कळलेले नाही. कळेल तेव्हा काय होईल याची मला भीती वाटते.

मला क्षमा कर असे लिहीत नाही. आधी त्यांना फोन कर.

हिशेब लिहितो. यातले आईला काय सांगायचे ते तू ठरव.

मिळाले : बावीस माणसे आणल्याबद्दल शेठकडून माणशी ३०० प्रमाणे ६,६०० रुपये.

त्यातून खर्च : आईचा चष्मा १,४५०. खोलीचे थकलेले भाडे २,५००. दसऱ्याला दोन शर्ट ८९०. एकूण ४,८४०. शिल्लक १,७६० होते, ते दाजींना दिलेल्या रकमेत घातले. बाकीचे पगारातून.

देणे : दाजींचे ११ दिवस, ५२० प्रमाणे ५,७२०, ते आज दिले. बावीस जणांचे त्याच ११ दिवसांचे, रोज ९० कमी मिळाले म्हणून माणशी ९९०, एकूण २१,७८०. हे शेठ देणार नाहीत. दर महिन्याला दोघांचे, या क्रमाने मी देईन. पहिला केदार. आज सकाळी त्याला ९९० दिले, तो घेत नव्हता. शेवटच्या माणसाला पुढच्या सप्टेंबरात मिळतील.

आजअखेर बाकी : एकवीस जणांचे २०,७९०.

दाजींनी त्यांचे पैसे दोनदा मोजले. एक वीसची नोट फाटकी निघाली, ती परत दिली आणि म्हणाले, "ही चालायची न्हाई, बदलून आण." म्हणून दाजींचे अजून २० रुपये माझ्याकडे आहेत.

श्रीधर